तहानलेली गच्ची

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरहून (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून) जालन्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलात, की चिकलठाणा आणि करमाड ही स्टेशनं मागे पडतात आणि मग बदनापूर येतं. स्टेशन लहानसंच आहे. पण ही लोहमार्गाची वाट जुनी आहे बरं का! निजामाच्या राजवटीत, १९०० सालच्या सुमाराला, मनमाडपासून सिकंदराबादकडे ती टाकली गेली. इथून जालना अवघं वीसेक किलोमीटर. बदनापूर हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आणि जालना जिल्हा तरी कधीचा? १ मे १९८१ चा. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता.

स्टेशनातून बाहेर पडलं की आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन आणि मोसंबीच्या बागा. तुमच्या घरी शेती असेल, तर 'बीडीएन ७११' हे तुरीच्या वाणाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं 'बीडीएन' म्हणजे काय ठाऊक आहे? दुसरं तिसरं काही नाही, आपलं बदनापूर! इथल्या कृषी संशोधन केंद्रात कडधान्यांवर वर्षानुवर्षं काम चालतं, आणि इथं तयार झालेल्या वाणांना गावाचं नाव मिळतं. कमी पाण्यात पीक कसं आणायचं, हाच इथल्या माणसांपुढचा जुना प्रश्न.

पण आज मी तुम्हाला शेतात नेणार नाही. आज आपण गच्चीवर जाऊ. कमी पाण्याचा प्रश्न तिथंही आहे, आणि तो तुरीइतकाच अवघड आहे.

सावली पळून जाते तेव्हा

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वाळवंटाविषयी वाचलं असेल. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो ते वाळवंट, अशी एक ढोबळ व्याख्या आहे. त्या हिशेबानं बदनापूर काही वाळवंट नाही. आमच्याकडे सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस होतो. पण तो चार महिन्यांत येतो आणि जातो. काही वर्षी तर येतच नाही. २०१२-१३ सालचा दुष्काळ आठवला की मोठी माणसं अजून हात जोडतात. जालना शहरात तेव्हा पाण्याच्या टँकरभोवती नुसती झुंबड उडे.

मे महिन्यात मात्र बदनापूरला आपण वाळवंटच आहोत असं वाटू लागतं. पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कुत्री नळाच्या ओल्या मातीत अंग टाकून पडतात. आणि १९-२० मेच्या सुमाराला एक गंमत होते. दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो. अंगणात सरळ काठी रोवली, तर तिची सावलीच पडत नाही! पायाखाली दडून बसते. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या २३-२४ तारखेला, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि सूर्य क्वचितच दिसतो.

सूर्य डोक्यावर, म्हणजे घराच्या बरोबर माथ्यावर. भिंतींना एकमेकींची सावली मिळते, गच्चीला कुणाची मिळणार? ती बिचारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत राहते. हवेचं तापमान ४२ अंश असतं, तेव्हा काळपट सिमेंटच्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे... नको, नका बघू! पाय पोळतील.

माळवदाचं घर

आपले पणजोबा अशा उन्हात कसे राहत होते? बदनापूरच्या जुन्या गल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत अजून काही माळवदाची घरं उभी आहेत. संधी मिळाली, तर एकदा तरी आत जाऊन या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं आणि आत शिरलं की गारवा.

माळवद कसं करत? दगडामातीच्या जाड भिंती. त्यावर लाकडाच्या तुळया. तुळयांवर बारीक लाकडांची दाट मांडणी. त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती शेतातली नव्हे. आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानत: पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. जुन्या वस्तीच्या जागेवरची ही माती पाणी पडलं की फुगते, चिकट होते आणि स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवते. वर थोडा उतार द्यायचा आणि एका बाजूला पन्हाळ ठेवायची, म्हणजे पाणी तिथून खाली पडे.

पण एक अट होती. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर चढून नवी माती टाकायची, ती चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं आणि पन्हाळ साफ करायची. आमच्या गल्लीतली एक आजी म्हणते, "माळवदाला दरसाल जेवू घालावं लागतं. जेवू नाही घातलं की ते रडतं." रडतं म्हणजे गळतं!

मग ही घरं गेली कुठं? लाकूड महागलं, हे एक कारण. दुसरं कारण दुःखाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली. दगडामातीच्या भिंती ढासळल्या आणि वर्षानुवर्षांच्या मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. माती टाकून टाकून छप्पर जड होतं आणि खालच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही नसतं, हे तेव्हा सगळ्या मराठवाड्याला कळलं. त्यानंतर लोक पत्र्याकडे आणि स्लॅबकडे वळले.

आज घरकुल योजनेतलं २५ चौरस मीटरचं घर असो नाहीतर दुमजली बंगला, 'पक्कं घर' म्हटलं की डोळ्यांपुढे स्लॅबच येतो. आणि एकदा स्लॅब पडला, की आता पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको, असं पुष्कळांना वाटतं. इथंच चुकतं. माळवद दरसाल जेवू मागतं. स्लॅबलाही मागणं असतं, फक्त त्याचं मागणं वेगळं असतं.

स्लॅब पडतो तेव्हा

आमच्या शाळेजवळ एका घराचं बांधकाम चाललं होतं. चौथीच्या मुलांना घेऊन मी ते बघायला गेलो. दूर लिंबाखाली उभं राहून बघायचं, जवळ जायचं नाही, असं आधीच बजावलं होतं.

खाली बल्ल्यांवर सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा बसवलेल्या. त्यावर सळ्यांची जाळी, बारीक तारेनं बांधलेली. या सळ्या बहुतेक आमच्या शेजारच्याच. जालना हे सळ्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. जाळीच्या खाली सिमेंटचे छोटे छोटे ठोकळे ठेवलेले दिसले. एका मुलीनं विचारलं, "सर, हे लगोरीसारखं काय?" त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. सळी प्लेटेला टेकू नये, तिच्या खालीही निदान २० मिलिमीटर काँक्रीट राहावं, म्हणून ते ठेवतात. का राहावं, ते पुढं सांगतो. लक्षात ठेवा.

स्लॅब टाकायला सुरुवात झाली ती पहाटे. नारळ फुटला, पेढे वाटले आणि मिक्सर घरघरू लागला. एक माप सिमेंट, दीड माप वाळू, तीन मापं खडी. दुपारचं ऊन चढायच्या आत काम संपवायचं, ही गवंडीमामांची घाई. हवा ४० अंशांच्या वर तापली की काँक्रीट टाकताना खास काळजी घ्यावी, असं भारतीय मानक ब्यूरोचं पुस्तकही सांगतं. खडीच्या ढिगावर आदल्या दिवशीपासून पाणी शिंपडून ती गार ठेवली होती. प्लेटाही पाणी मारून थंड केल्या होत्या.

इतक्यात एक बिगारी मिक्सरमध्ये बादलीभर जास्तीचं पाणी ओतायला गेला. पातळ झालं की काम भराभर होतं ना! गवंडीमामा वरूनच ओरडले, "आरं, आमटी नाही करायची! मोजून टाक, मोजून!"

पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण पंचवीस-सत्तावीस लिटर पाणी पुरतं. जास्त घातलं तर काय होतं? सिमेंटला लागतं तेवढं पाणी ते घेतं. उरलेलं पाणी उन्हानं उडून जातं आणि ते जिथं होतं तिथं बारीक बारीक पोकळ्या राहतात. पुढं पावसाचं पाणी याच वाटांनी आत शिरतं. म्हणजे घराच्या गळतीची सुरुवात कधी कधी पहिल्याच दिवशी, त्या एका बादलीनं होते!

पाण्याचे तीन नियम

मी मुलांना विचारलं, "सिमेंट घट्ट कसं होतं?" सगळे एका सुरात म्हणाले, "वाळून!"

तुम्हालाही तसंच वाटलं ना? पण तसं नाही. चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंट मात्र पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटचे कण आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते. त्यातून सुईसारखे, पापुद्र्यासारखे बारीक स्फटिक तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि वाळू-खडीला धरून ठेवतात. ही क्रिया एका दिवसात संपत नाही, कित्येक दिवस चालते. मधेच पाणी संपलं तर क्रिया थांबते आणि काँक्रीट कच्चं राहतं. अशा गच्चीवर हात घासला की पांढरी भुकटी निघते.

म्हणून पाण्याचा पहिला नियम, कालवताना मोजून. दुसरा नियम, स्लॅब पडल्यावर भरपूर.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गच्चीवर चक्क शेत! म्हणजे वाफे केलेले. वाळू-सिमेंटच्या बोटभर उंच बांधांनी चौकोन आखले होते आणि त्यात पाणी भरलं होतं. मधल्या सुट्टीत पोरं ओरडली, "सर, गच्चीवर भात लावलाय!" यालाच आमच्याकडे 'पाणी मारणं' म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोच्या नियमाप्रमाणे साधं सिमेंट असेल तर स्लॅब निदान ७ दिवस सतत ओला ठेवावा. कोरड्या, कडक उन्हाळ्यात मात्र १० दिवसांपेक्षा कमी चालणार नाही. हल्ली मिळणाऱ्या पुष्कळ सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते. परळीसारख्या औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळून जी बारीक राख उरते, तीच ही. ते सिमेंट चांगलं असतं, पण सावकाश जोर धरतं. त्यासाठी १४ दिवस पाणी मारणं उत्तम.

आता वही-पेन्सिल घ्या. आपण एक गणित सोडवू.

घरकुलाचा स्लॅब २५ चौरस मीटर. त्यावर ५ सेंटिमीटर पाणी भरायचं. किती लिटर झालं? बरोबर, १,२५० लिटर. मे महिन्याच्या उन्हात त्यातलं रोज १ सेंटिमीटर पाणी उडालं असं धरू. म्हणजे रोज २५० लिटर पुन्हा भरायला हवं. १४ दिवसांत पहिल्या दिवसाचे १,२५० आणि पुढच्या १३ दिवसांचे ३,२५०, मिळून ४,५०० लिटर. पंधरा लिटरचा एक हंडा धरला तर किती हंडे? तीनशे!

हे तीनशे हंडे आणायचे कुणी? मे महिन्यात, जेव्हा हातपंप खडखडत असतो आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं? बहुतेक घरांत ते घरच्या बायका आणि मुलीच आणतात. आणि घरं तर उन्हाळ्यातच बांधली जातात. शेतात काम नसतं, हाताला वेळ असतो आणि पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं असतं. म्हणजे स्लॅबला सर्वांत जास्त तहान लागते, नेमकं तेव्हाच गावातही पाणी सर्वांत कमी असतं. मग काय होतं? चार दिवस पाणी मारतात आणि पाचव्या दिवशी सोडून देतात. प्यायला नाही तिथं गच्चीला कुठून? असं म्हणणाऱ्याला आपण दोष कसा द्यायचा?

पण थोडं डोकं चालवलं तर पाणी वाचतं. गवंडीमामांनी चौथ्या दिवशी ते करून दाखवलं. वाफ्यांतलं पाणी आटत आल्यावर त्यांनी गोणपाट ओले करून स्लॅबभर अंथरले आणि वर प्लास्टिकचा कागद पसरून कडेनं विटा ठेवल्या. ऊन आणि वारा पाण्यापर्यंत पोचेना, म्हणून पाणी उडेना! संध्याकाळी कागद उचलून बघायचं, कुठं कोरडं दिसलं तर तेवढंच भिजवायचं. वाफ्यांत ओतावं लागतं त्याच्या मानानं फार थोड्या पाण्यात काम भागतं. पाणी खारं मात्र नको. त्यातल्या क्षारांनी सळ्या गंजतात.

जमत असेल तर आणखी एक उपाय आहे. स्लॅब मे महिन्यात न टाकता दिवाळीनंतर टाकायचा. तेव्हा विहिरींना पाणी असतं आणि ऊनही सौम्य असतं.

मग पाणीच शत्रू होतं

आता तिसरा नियम. गंमत बघा, जो स्लॅब दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, त्याच्या अंगाला पुढं जन्मभर पाणी साठू द्यायचं नाही!

का बरं? ते सळ्यांमुळे. सिमेंट अल्कधर्मी असतं. त्याच्या सहवासात लोखंड गंजत नाही. म्हणून तर सळीभोवती सगळीकडून काँक्रीट हवं. ते कव्हर ब्लॉक आठवले ना? पण भेगांतून पाणी आणि हवा आत गेली, वर्षं लोटली, की हे संरक्षण कमी होतं आणि सळी गंजू लागते. गंज मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो. छताला फुगवटा येतो, तांबूस डाग दिसतात आणि एखाद्या दिवशी ढपली खाली पडते. ती डोक्यात पडली तर जीवावर बेतू शकतं. घराच्या किंवा वर्गाच्या छताला असा फुगवटा, तांबूस डाग किंवा लोंबणारा गिलावा दिसला, तर त्याखाली बसू नका आणि लगेच मोठ्यांना सांगा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

पण भेगा पडतात कशानं? पुष्कळदा उन्हानंच. तापलं की सगळं प्रसरण पावतं, हे तुम्ही शिकला आहात. एक मीटर लांबीचं काँक्रीट एका अंशाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं वाढतं. एवढुसं! पण दहा मीटरची गच्ची ३० अंशांनी तापली तर? तीन मिलिमीटर! दिवसा तेवढी वाढणार आणि रात्री तेवढी आकसणार. आणि मे अखेरीला तापलेल्या गच्चीवर वळवाची गार सर कोसळली, म्हणजे तर एका घटकेत आकसणार. रोज असं ताणून सैल केलं तर कुणाच्याही अंगात चमक भरेल. पहिली भेग बहुधा गच्ची आणि कठडा जिथं मिळतात, त्या कोपऱ्यात पडते.

म्हणून जाणते गवंडी स्लॅब तसाच उघडा ठेवत नाहीत. त्यावर कोबा करतात. भिजवलेल्या विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मालात बसवायचे आणि दर मीटरला एक सेंटिमीटर उतार पन्हाळीकडे द्यायचा. वरून गुळगुळीत थर देऊन त्यावर दोरीनं चौकटी आखायच्या. कठड्याच्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता मालाचा गोल 'वाटा' करायचा, म्हणजे पाणी तिथं बसत नाही, घसरून जातं. कोब्यालाही आठवडाभर पाणी भरून ठेवायचं. त्यात दोन कामं होतात. कोबा पक्का होतो आणि खालच्या खोलीत जाऊन वर बघितलं की कुठं ओल येते तेही कळतं.

जुन्या गच्चीला भेग पडली असेल तर नुसतं सिमेंट फासून चालत नाही. छिन्नीनं भेग जरा रुंद करायची, आतली धूळ ब्रशनं काढायची आणि मग भरायची. भेग उन्हाबरोबर उघड-मीट करणारी असेल तर त्यात रबरासारखा ताणला जाणारा माल हवा. काहीजण सरळ डांबर ओततात. डांबर पाणी अडवतं खरं, पण ते काळं असतं. काळा सदरा घालून उन्हात उभं राहिल्यासारखं! गच्ची आणखी तापते आणि काही वर्षांत ते डांबरही कडक होऊन फुटतं.

त्यापेक्षा पांढरा सदरा बरा. गच्चीला चुना दिला तर ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकलं जातं. घरात दोन-चार अंशांचा तरी फरक पडतो, आणि गच्ची कमी तापल्यामुळे कमी ताणली जाते. म्हणजे चुन्याचा हात माणसालाही गारवा देतो आणि काँक्रीटलाही. मात्र चुन्याचा हात पाणी अडवत नाही, आणि पावसानं तो धुऊन जातो. दर उन्हाळ्यात पुन्हा द्यायचा. आजीच्या भाषेत सांगायचं तर, जेवू घालायचं!

दुबई, रोम आणि अहमदाबाद

हा प्रश्न एकट्या बदनापूरचा आहे का? मुळीच नाही. जगातली सर्वांत उंच इमारत, दुबईची बुर्ज खलिफा, खऱ्याखुऱ्या वाळवंटात उभी आहे. ८२८ मीटर उंच! ती २०१० साली खुली झाली. तिचं काँक्रीट उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात टाकत आणि पाण्याबरोबर चक्क बर्फ मिसळत. आमचे गवंडीमामा पहाटेचा मुहूर्त धरतात आणि खडीवर पाणी शिंपडतात. युक्ती तीच, फक्त बर्फाचे पैसे नाहीत.

रोममध्ये पँथिऑन नावाचं देऊळ आहे. त्याचा ४३ मीटर रुंदीचा काँक्रीटचा घुमट जवळजवळ १९०० वर्षं उभा आहे. त्यात सळ्याच नाहीत, मग गंजणार काय! आपण आज सळ्या घालतो म्हणून पातळ, हलकी आणि सपाट छतं करू शकतो. पण म्हणूनच त्या सळ्यांना जपायलाही लागतं.

आणि आपल्या शेजारच्या गुजरातेत, अहमदाबाद शहरानं २०१३ साली उष्णतेच्या लाटेपासून माणसं वाचवण्याची योजना केली. पुढं २०१७ पासून तिथं गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवण्याची मोहीम सुरू झाली. कुंचला आणि बादलीभर पांढरा रंग, त्यातून केवढं मोठं काम!

आता तुमची पाळी

गच्चीची काळजी घेणं म्हणजे फक्त गवंड्याचं काम नाही. पुढची कामं तुम्हीही करू शकता. गच्चीला कठडा नसेल तर मात्र मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय वर जायचं नाही. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

मे महिन्याच्या शेवटी एकदा गच्ची झाडून काढा. पन्हाळीच्या तोंडाशी पाला, पतंगाचे कागद, चेंडू असं काही अडकलं आहे का बघा. आमच्या एका विद्यार्थ्याला पन्हाळीत स्वतःचाच हरवलेला भोवरा सापडला! भेगांत पिंपळाचं किंवा उंबराचं रोप उगवलं असेल तर ते लहान असतानाच मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि पिंपळाचं मूळ भिंतसुद्धा फोडतं. टाकीखाली सतत ओल असते का, डिशच्या नटबोल्टांपाशी भेग आहे का, तेही बघा. बादलीभर पाणी ओतून ते कुठं थांबतं ते पाहा, आणि तिथं खडूनं गोल करून घरी दाखवा.

एक प्रयोगही करता येईल. मोठ्या माणसाकडून सिमेंट-वाळूच्या दोन सारख्या वड्या पाडून घ्या. ओल्या सिमेंटला उघड्या हातानं शिवू नका, कातडी भाजते. दुसऱ्या दिवशी घट्ट झाल्यावर एक वडी उन्हात ठेवा आणि दुसरी पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. चौदा दिवसांनी दोन्ही खिळ्यानं खरवडून बघा. पाण्यात वाढलेली आणि उन्हात वाळलेली यांतला फरक तुमच्या हातालाच कळेल.

त्या घराचा स्लॅब चौदा दिवस ओला राहिला. शेवटच्या दिवशी घरमालकीण बाई गवंडीमामांना म्हणाल्या, "मिस्त्री, आता तरी माझे हंडे सुटले का?" मामा म्हणाले, "सुटले, ताई. पण पुढच्या मे महिन्यात चुन्याची एक बादली लागंल. ती तेवढी इसरू नका."

तुमच्या घराच्या गच्चीची बादली कधी भरायची, ते आज घरी विचारा.